व्यवसाय : इतर

माझी ताई चित्रं काढते. माझी ताई चित्रं काढून जगते. ही दोन वाक्यं दिसायला जवळजवळ सारखीच आहेत. पण पहिलं ऐकून नातेवाईक 'अरे वा' म्हणतात आणि दुसरं ऐकलं की जरा थांबून विचारतात, 'बरं, पण नोकरी कुठे?'

मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. इंजिनिअरिंग केलं, कॅम्पसमधून नोकरी लागली, आता पुण्यात दिवसभर पेमेंट सिस्टीमचा कोड लिहितो. चित्रातलं मला यथातथाच कळतं. पण गेली चार वर्षं ताईचे हिशेब माझ्याकडे आहेत. हिशेब म्हणजे एक स्प्रेडशीट. त्यात कुठलं काम कधी आलं, किती दिवसांत झालं, बिल कधी पाठवलं आणि पैसे कधी आले हे सगळं असतं. त्यामुळे तिच्या चित्रातल्या रेषेबद्दल मी काही बोलणार नाही. त्या रेषेला महिन्याकाठी काय पडतं आणि मधल्या काळात घरात काय चाललेलं असतं, ते मात्र सांगू शकतो.

ती मिरजेत आई-बाबांसोबत राहते. कोल्हापुरात अप्लाइड आर्ट शिकली, पुण्यात एका जाहिरात एजन्सीत तीन वर्षं काढली आणि मग नोकरी सोडून घरी आली. लहान मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटावरची मिरची, ॲप पहिल्यांदा उघडल्यावर हात हलवणारी बाई, दिवाळी अंकातल्या कथांची रेखाटनं, असं सगळं ती करते. या कामाला मराठीत धड शब्द नाही. चित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जहांगीरच्या भिंतीवरचा मोठा कॅनव्हास येतो. दिवाळी अंकात श्रेयनामावलीच्या तळाशी 'सजावट' असं लिहून पुढे तिचं नाव असतं. या शब्दाचा तिला राग येतो. 'मी काय गणपतीचं मखर करते का?' तसं बघितलं तर याच महाराष्ट्रात दीनानाथ दलालांच्या चित्रांसाठी लोक 'दीपावली'चा अंक विकत घेत आणि मुखपृष्ठ फ्रेम करून भिंतीला लावत. बाबांच्या मामांच्या घरी अजून एक आहे. त्या अंकात कथा कुणाच्या होत्या हे मामांना आठवत नाही.

शीटमध्ये मी 'थांबलेले' नावाचा एक टॅब केला आहे. काम दिलं, बिल दिलं, पैसे नाहीत, अशी सगळी बिलं तिथे जातात. किती दिवस झाले तो आकडा आपोआप वाढत जातो, साठच्या पुढे गेला की रकाना लाल होतो. आत्तापर्यंतचा विक्रम २१४ दिवसांचा आहे. मला स्वतःला महिन्याच्या शेवटच्या तारखेला पगार येतो. मी त्या महिन्यात काय केलं, किंवा काही केलं का, याच्याशी त्याचा फार संबंध नसतो. एकदा आमचा प्रोजेक्ट बंद पडला तेव्हा मी दोन महिने नुसता बसून होतो. पगार वेळेवर आला.

करार वाचणं हा आमचा रविवारचा कार्यक्रम असतो. ताई भजी तळते, मी व्हिडिओ कॉलवर पीडीएफ वाचतो. करारांची भाषा एकाच साच्यातली असते: हे चित्र कायमचं, जगभरासाठी, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी आमचं. फी आठ हजार. म्हणून एकदा मी १९५७चा कॉपीराइट कायदाच वाचून काढला. तुमच्यापैकी कुणी चित्रं काढत असेल तर हे लक्षात ठेवा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं कायदा धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल, तर फक्त भारतापुरते. करार करताना जे माध्यम निघालेलंच नव्हतं आणि ज्याचा करारात स्पष्ट उल्लेख नाही, त्याचे हक्क २०१२च्या दुरुस्तीनंतर आपोआप जात नाहीत. पण त्याच कायद्यात उलट बाजूही आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, सांगणारा असतो. म्हणजे कागद पाहिजेच. 'आपलेच लोक आहेत, कागद कशाला' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे 'थांबलेले' टॅबमध्ये आहेत.

कागदाचा उपयोग होतो तो असा. एका मसालेवाल्याला तिने पाकिटापुरती मिरची काढून दिली होती. वर्षभराने ती कराडला चालली होती, तर पुढच्या टेम्पोच्या मागे तीच मिरची, चार फूट उंच. तिने स्कूटर पुढे काढली, टेम्पोसोबत सेल्फी घेतला आणि बिलाला जोडून पाठवला. पाच महिन्यांनी पैसे आले, वर दोन किलो कांदा-लसूण मसाला.

हे सगळं असताना तिने एक पुस्तक मात्र हक्क मोकळे सोडून केलं. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५पासून चालू आहे. तिथली पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. कुणीही उतरवून घ्यावीत, भाषांतर करावं, छापावीत, फक्त करणाऱ्यांची नावं ठेवावीत. मला यात नवल वाटलं नाही, आमचा धंदाच दुसऱ्यांनी फुकट दिलेल्या कोडवर उभा आहे. तिला काही महिन्यांनी एका शिक्षिकेने फोटो पाठवला. तिचंच पुस्तक, पण लिपी वाचता येत नव्हती. शेवटच्या पानावरच्या चार शब्दांपैकी आपलं नाव कुठलं असेल, हे ती रात्रभर शोधत बसली होती.

आता तिच्या अलीकडच्या कामाकडे येतो, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला.

मिरज बाहेरच्यांना दोन गोष्टींसाठी माहीत असते, रेल्वे जंक्शन आणि दवाखाने. तिसरी गोष्ट म्हणजे सतार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी पहिल्यांदा तंतुवाद्यं बनवली असं सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, मग तेच हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. आडनाव सतारमेकर झालं. गल्लीच्या गल्ली या कामात उतरली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही दोघं त्या गल्लीपासून दहा मिनिटांवर वाढलो, आणि शाळेच्या वयात तिथून फक्त सायकलवरून गेलो.

२०२३च्या पावसाळ्यात ताई तिथल्या एका कारखान्यात जाऊन बसू लागली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर आडव्या बांबूंना टांगलेले भोपळे, खाली भुसा. तिथले म्हातारे कारागीर, त्यांना ती चाचा म्हणते, सत्तरीच्या पुढचे. पहिल्या दिवशी तिने वही काढली तर ते म्हणाले, 'पहिले ऐक बेटी, मग काढ.' अकरा दिवस तिने वही उघडली नाही. मी फोनवर विचारायचो, आज काय झालं? 'आज जवारी ऐकली.' आणि काल? 'काल पण.'

जवारी म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. सतारीच्या तबलीवर हाडाची एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच घासते आणि त्यातून सतारीचा तो झणकारलेला, भरलेला आवाज येतो. उतार केसभर चुकला तर आवाज दबतो किंवा पत्र्यासारखा वाजतो. म्हणून कारागीर कानशीने घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. मोजायचं साधन फक्त कान.

आता हे काढायचं कसं? हातात कानस घेतलेला एक माणूस, पाठीत वाकलेला. दुसऱ्या क्षणी तोच माणूस, तोच हात. ताईने शेवटी जोडपानावर चौदा छोट्या चौकटी केल्या. चौदाही चौकटींत हात जवळजवळ तसाच, बदलतो तो फक्त चेहरा. पहिल्यात भुवया जवळ आलेल्या, सातव्यात ओठ मिटलेले, अकराव्यात तो वैतागून खिडकीबाहेर बघतोय, चौदाव्यात डोळे बंद. अक्षर एकही नाही. हे पान मला कळलं, आणि कळायला चित्रकला यावी लागली नाही. मी रात्री दोनला बग शोधताना असाच दिसतो.

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकाने या पुस्तकासाठी साठ हजार रुपये आगाऊ देऊ केले, शिवाय विक्रीवर चार टक्के. मी तिला तास लिहून ठेवायला सांगितलं होतं. पुस्तक संपलं तेव्हा ते ६४० भरले. म्हणजे ताशी ९४ रुपये. मी तिला आकडा सांगितला तर म्हणाली, 'त्यात चाचांकडे चहा प्यायलेले तास धरलेस का?' धरले होते. ती म्हणाली, 'मग बरोबर आहे,' आणि फोन ठेवला. बरोबर म्हणजे काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

पण पुस्तक संपण्याच्या आधी बरंच काही झालं. ॲपची, कंपन्यांची जी कामं होती, त्यांतून तिची निम्मी कमाई व्हायची. २०२३पासून ती आटत गेली. शीटमध्ये हे इतकं स्वच्छ दिसतं की आलेख काढायची गरज नाही. मग एका शैक्षणिक ॲपवाल्यांनी चाळीस चित्रं पाठवली, मशिनने काढलेली. म्हणाले, तुम्ही फक्त फिनिशिंग करून द्या, चित्रामागे तीनशे रुपये. त्यात 'भारतीय वाद्ये' या धड्यासाठी एक सतार होती. ताईने ती मोबाइलवर चाचांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोटाने मोजलं. खुंट्या वीस, तारा चौदा. 'मग या सहा खुंट्या कशाला? कपडे वाळत घालायला?'

ही टूल्स मी ऑफिसात रोज वापरतो आणि माझी कामं पटापट होतात, त्यामुळे मला यावर फार गळा काढता येत नाही. आणि पुढच्या वर्षी मशीन खुंट्या बरोबर मोजेल, याची मला खात्री आहे. चूक काढून समाधान मानण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की चाळीस चित्रांचे पूर्वी ऐंशी हजार व्हायचे, आता बारा हजार होतात, आणि कुणी तरी ती बारा हजारांत करून देतंच. ताईने नाही म्हटलं. नाही म्हणण्याचा रकाना शीटमध्ये नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये, म्हणजे २०२४च्या, तिला पुण्यातल्या एका कंपनीकडून नोकरी आली. प्रॉडक्ट डिझाइन, वर्षाला साडेनऊ लाख, एक डिसेंबरला रुजू. त्या दिवशी तिच्या खात्यात १८,४०० रुपये होते. पुस्तकाची सोळा जोडपानं करायची होती, त्यातली सात झाली होती. तिने कंपनीला एप्रिलपर्यंतचा वेळ मागितला, ते नाही म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही, माझी कंपनीही नाहीच म्हणाली असती.

दोन रात्री आम्ही बोललो. तिने मला 'काय करू' असं विचारलं नाही, 'किती दिवस पुरेल' एवढंच विचारलं. मी येणी धरून, घरखर्चाचा तिचा वाटा धरून आकडे मांडले. मार्चपर्यंत पुरत होतं, एप्रिल उणे. ती म्हणाली, 'एप्रिलचं एप्रिलमध्ये बघू,' आणि कंपनीला मेल लिहिली. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगायचं तर, मला राग आला. तेहेतीस वर्षांच्या बाईने असं का वागावं? आमच्या वर्गातली निम्मी मुलं अशा ऑफरसाठी काय काय करतात. पण शीटमधली ती सात पानंही माझ्यासमोर उघडी होती, आणि उरलेली नऊ डिसेंबरनंतर झाली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाबा तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले तरी स्टँडवर एक फेरी मारून येतात. पाचव्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, 'मंगळवेढ्याकडे जाणारी सकाळची गाडी आता सहा चाळीसला सुटते.' आईने मला हे फोनवर सांगितलं आणि मग आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

मंगळवेढा कशासाठी, तर भोपळ्यांसाठी. सतारीचा भोपळा खाण्याचा नसतो, कडू असतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकतो, तिथून मिरजेला येतो. चांगला वाळल्यावर वरून कापतात, पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडून काढतात. मोठे तानपुऱ्याला, त्याहून लहान सतारीला. वाद्याचा आवाज कसा येणार याचा अर्धा निकाल शेतातच लागलेला असतो, असं चाचा म्हणतात. म्हणून ताईला पुस्तक वेलापासून सुरू करायचं होतं. ती तीन वेळा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा शेतकऱ्याने विचारलं, 'कुठल्या पेपरातनं आलाय?' पेपर नाही, पुस्तक. 'भोपळ्याचं पुस्तक?' तो इतका हसला की बायकोला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. ताईने त्याच्या शेतातल्या सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं चित्र काढून त्याला दिलं. पुढच्या खेपेला ते चित्र मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर चिकटवलेलं होतं, वर प्लॅस्टिकचा कागद लावून. तिच्या प्रदर्शनांच्या यादीत मी हेही धरतो.

जानेवारीत पाठ्यपुस्तकांचे अडकलेले एक लाख दहा हजार आले आणि ताईने एकदम जाहीर केलं की तिला बोलोन्याला जायचं आहे. इटलीतल्या बोलोन्यात १९६४पासून मुलांच्या पुस्तकांची जत्रा भरते. जत्रा म्हणजे बालजत्रा नव्हे. मुलं तिथे जवळजवळ नसतातच. चार दिवस प्रकाशक एकमेकांना पुस्तकांचे हक्क विकतात आणि जगभरचे चित्रकार आपली बाडं घेऊन त्यांच्यामागे फिरतात. ताईच्या मनात हे नाव 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'मुळे बसलेलं होतं. चेन्नईच्या तारा बुक्सचं हे हाताने छापलेलं पुस्तक. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांनी काढलेली काळ्या कागदावरची झाडं. त्याला २००८ साली बोलोन्याचा पुरस्कार मिळाला. याच भज्जू श्यामांनी लंडनला जाऊन एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवल्या आणि परत येऊन 'द लंडन जंगल बुक' केलं. त्यात बिग बेनचा कोंबडा झालेला आहे, कारण वेळ सांगणं हे गावात कोंबड्याचं काम. ताईकडे या पुस्तकाची प्रत आहे, कुणाला देत नाही. मलाही तिच्यासमोर बसून वाचावी लागली.

तिकीट मी काढलं. तिने शीटमध्ये स्वतः एक रकाना वाढवला, 'भावाचे देणे', लाल अक्षरात.

मग व्हिसा. मी ऑफिसच्या कामाने एकदा जर्मनीला गेलो होतो. कंपनीचं पत्र, तीन पगारपत्रकं, बँकेचं स्टेटमेंट, झालं. फ्रीलान्सरकडे यातलं काय असतं? पगारपत्रक नाही. रजेची परवानगी देणारा साहेब नाही. बँकेत एखाद्या महिन्यात एक लाख येतात आणि पुढचे तीन महिने विजेचं बिल सोडून काही हलत नाही. केवायसीपासून विम्यापर्यंत प्रत्येक फॉर्मवर 'व्यवसाय' म्हणून जी यादी उघडते, तिच्यात डॉक्टर असतो, शेतकरी असतो, गृहिणी असते. ताई शेवटपर्यंत खाली जाते आणि 'इतर' निवडते. आम्ही तीन वर्षांची आयटीआर जोडली, टीडीएसची प्रमाणपत्रं जोडली, प्रकाशकाचं पत्र, जत्रेचं तिकीट, तीस हजार युरोचा प्रवास विमा, दोन छापील पुस्तकं. तरी एजंट म्हणाला, वडिलांचं हमीपत्र लावा, बरं पडेल. नऊ वर्षं स्वतःचं कमावून खाल्लेल्या माणसाने वडिलांची एफडी जोडायची. बाबांनी सही केली. ताई त्या दिवशी जेवली नाही. नव्वद युरो फी आणि पंधरा दिवसांची धाकधूक, पण व्हिसा आला.

बोलोन्याबद्दल ती मोठमोठं काही सांगत नाही. जत्रेत चित्रकारांसाठी एक लांबच लांब भिंत मोकळी ठेवलेली असते, पहिल्या दिवशी सकाळीच लोक तिच्यावर आपली पोस्टकार्डं, पोस्टर्स लावायला धावतात. दुपारपर्यंत पांढरी जागा शिल्लक नसते, मग लोक एकमेकांच्या कागदांच्या कडेला कागद अडकवतात. ताईने दीडशे कार्डं नेली होती, चौदा चौकटींची. संध्याकाळी तिच्या कार्डावर कुणा कोरियन मुलीचा ससा आला होता. तिने तो ससाच काढून घरी आणला. आता आमच्या फ्रिजवर आहे.

कामं दाखवायला रांगा होत्या. दीड तास उभं राहायचं, सात मिनिटं मिळायची. बहुतेकांनी 'सुंदर' म्हटलं. ताईच्या मते संपादकाने पहिल्याच वाक्यात सुंदर म्हटलं की काम मिळत नाही. एक इटालियन संपादक बाई मात्र चौदा चौकटींवर थांबल्या आणि विचारलं, तो काय ऐकतोय? ताईने मोबाइलवर चाचांची जवारी लावली. त्या गलबल्यात दोघी एकाच इअरफोनमध्ये डोकं घालून ऐकत होत्या. करार वगैरे काही झाला नाही. बाईंनी कार्ड घेतलं, ताईनेही घेतलं.

उरलेल्या वेळात ती शहरात हिंडली. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेने कमानींचे सज्जे आहेत, सगळे मिळून बासष्ट किलोमीटर, २०२१ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्यांची निवड केली. म्हणजे पाऊस आला तरी चित्रकाराची वही भिजत नाही. तिच्या वहीत त्या कमानींखाली मिरजेचा स्टँड भरलेला आहे. बाकड्यावर पिशव्या, पेरूवाली, आणि खिडकीत बाबा, गाड्यांच्या वेळा पुकारताना.

पुस्तक २०२५च्या जूनमध्ये आलं, हजार प्रती. मग दोन प्रदर्शनं झाली. पहिलं पुण्यात, बालगंधर्वच्या कलादालनात, आणखी चौघांसोबत. तीन दिवस मी टेबलापाशी बसलो होतो, त्यामुळे आकडे पक्के आहेत. मूळ चित्रं विकली गेली दोन, पुस्तकं एकसष्ट, आणि सतारीचे स्टिकर एकशे अठ्ठ्याऐंशी. स्टिकर पन्नास रुपयांना. सहाशे चाळीस तासांचं पुस्तक चाळून लोक 'छान आहे' म्हणत, आणि लॅपटॉपला लावायला स्टिकर घेऊन जात. मीही त्यांच्यातलाच, माझ्या लॅपटॉपवर दोन आहेत. नाटकाच्या मध्यंतरात वडा खाऊन येणारे काही काका मात्र प्रत्येक चित्रापुढे थांबायचे. एकाने मला अर्धा तास तूण लाकडाबद्दल सांगितलं, मला वाटलं वाद्यवाले असतील. निघाले फर्निचरवाले.

दुसरं मिरजेत, डिसेंबरात, चाचांच्या कारखान्यातच. फ्रेमा नाहीत. भोपळे टांगायच्या बांबूंना सुतळी बांधून चिमट्यांनी छपाया लावल्या. गल्लीतली जवळजवळ सगळी कारागीर मंडळी येऊन गेली. त्यांनी 'छान' म्हटलं नाही. ते चूक शोधत होते. एकाने दांडीचा आणि भोपळ्याचा सांधा बघून मान हलवली, त्याच्या बाजूच्याने 'अगोदर अशीच करत होते' म्हणून ताईची बाजू घेतली, आणि दोघांचं चांगलं जुंपलं. चाचा चौदा चौकटींपाशी बराच वेळ उभे राहिले. मग ताईची पेन्सिल मागून घेतली आणि नवव्या चौकटीत थेट छपाईवर एक रेघ ओढली. कानस तिथे तशी तिरकी धरत नाहीत. 'इथं असं धरलं तर मी दिवसभर ऐकतच बसेन.' ताईने तो कागद तसाच टांगलेला ठेवला.

चाचांचा नातू कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला बाजूला घेऊन विचारत होता, बॅकएंडला सध्या काय शिकावं. जाताना त्याने आजोबांच्या चौदा चेहऱ्यांचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. कारखाना पुढे तो चालवणार का, हे मी विचारलं नाही. मला विचारायचा काय अधिकार?

मार्चमध्ये संपलेल्या त्या वर्षाची ताईची एकूण कमाई ४,३६,००० रुपये होती. यंदा तेवढी होईल असं दिसत नाही. दिवाळी अंकांची कामं आली, पाठ्यपुस्तकाचं एक आलं, लग्नपत्रिका सुरू आहेत. 'भावाचे देणे' एक्केचाळीस हजारांवर आहे, दर महिन्याला ती दोन हजार टाकते आणि मला स्क्रीनशॉट पाठवते. पुस्तकाच्या साडेतीनशे प्रती उरल्यात. दुसरी आवृत्ती निघाली तर नववी चौकट बदलायची आहे.

मागच्या आठवड्यात बोलोन्याच्या त्या बाईंची मेल आली. एका पुस्तकासाठी नमुन्याची तीन पानं करून द्याल का, आणि दर काय घ्याल? रविवारी आम्ही भजी बाजूला ठेवून दराचा आकडा काढत बसलो. मी एक सांगितला, तिने त्याहून जास्त लिहिला. नमुन्याच्या पानांचे पैसे वेगळे, हेही लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. मी शीटमध्ये तो आकडा भरलेला नव्हता. आज उघडून बघितलं तर ताईने भरून ठेवलाय, इतक्या फिकट राखाडी रंगात की मोबाइलवर दिसतसुद्धा नाही.